डोंगरी प्रदेशाचे भेद्यता-नकाशांकन : शीळफाटा व माथेरान डोंगररांग

डोंगरी प्रदेशात जमिनीचा वापर कसकसा बदलत गेला आणि त्या बदलामुळे तेथील माती, पाणी, वनस्पती व वस्ती यांना अपाय होण्याचा संभव कोठे किती आहे, हे नकाशाच्या साहाय्याने दाखविण्याच्या अभ्यासपद्धतीस भेद्यता-नकाशांकन ही संज्ञा आहे. प्रवणता आणि भेद्यता या दोन कल्पनांत भेद केला पाहिजे. उतार तीव्र, खडक झिजलेला व पाऊस जोराचा असला, की तो भाग दरडप्रवण ठरतो. मग तेथे मनुष्यवस्ती असो वा नसो. त्या उताराखाली कोण राहते, घरे कशाची आहेत, वस्तीपर्यंत वाहन जाते की नाही, रात्रीच्या वेळी मदत किती अवधीत पोहोचू शकते, या गोष्टी जमेस धरल्या म्हणजे भेद्यता ठरते. यूरोपात आल्प्स पर्वताच्या परिसरात हिमलोट व दरडी यांच्या संदर्भात अशा नकाशांची परंपरा निर्माण झाली. स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ट भागाचा एकास दहा हजार प्रमाणावरील संकटदर्शक नकाशा हान्स कीनहोल्ट्स यांनी १९७७ मध्ये सिद्ध केला. त्यानंतर संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या पुरस्काराने हीच पद्धती नेपाळातील डोंगरांत वापरून पाहण्यात आली.

सह्याद्रीचे नकाशे दीडशे-दोनशे वर्षांत पुष्कळ झाले; तथापि ते सारा किती बसवावा, इमारती लाकूड कोठे मिळेल, शहर कोणीकडे वाढवावे आणि अलीकडच्या काळात दुर्मिळ जीवजाती कोठे आहेत, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी काढलेले होते. उतारावर राहणाऱ्या माणसाच्या जीविताचा प्रश्न नकाशाला सर्वांत शेवटी विचारला गेला. ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा आणि तेथून आग्नेयीस सु. ३० किमी.वर असलेली माथेरानची डोंगररांग यांच्या नकाशांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे.

शीळ हे महसुली गाव होय. शीळफाटा हे नाव रस्त्याने दिलेले आहे. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यास महापे व कल्याण या बाजूंचे रस्ते ज्या भागात मिळतात, तो हा फाटा. याच्या पश्चिमेस पारसिकचा डोंगर व त्यापलीकडे ठाण्याची खाडी आणि नवी मुंबई. उत्तरेस उल्हास नदीची खाडी व दिव्याच्या परिसरातील खाजणे. ईशान्येस देसाई, खिडकाळी या गावांवरून डोंबिवली-कल्याणकडे जाणारा सखल पट्टा. तर आग्नेयीस मलंगगडाचे सुळके व त्यामागे माथेरानचे पठार आहे. मूळ गावापेक्षा फाट्याचेच नाव लोकांच्या अधिक तोंडी असावे, यावरून येथील भूमिउपयोगाने कोणते वळण घेतले, याची कल्पना येते.

भूरचना : हा सर्व प्रदेश सु. ६.५ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा, म्हणजे दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचा आहे. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. माथेरानच्या कड्यांवर पायऱ्यांसारख्या ज्या आडव्या रेषा दिसतात, त्या याच थरांच्या होत. परंतु पनवेल ते मुंब्रा या दक्षिणोत्तर पट्ट्यात हेच थर एकाएकी पश्चिमेकडे कललेले आढळतात. जे. बी. ऑडेन या भूवैज्ञानिकाने १९४९ मध्ये पश्चिम भारतातील भित्तींविषयीच्या आपल्या निबंधात या वळणाची चर्चा केली. तेव्हापासून भूविज्ञानात ते ‘पनवेलचे वळण’ म्हणून ओळखले जाते. पारसिकचा डोंगर या वळणावरच वसलेला आहे. येथे भूविज्ञान व दैनंदिन जीवन यांचा संबंध फार निकटचा आहे. थर ज्या दिशेस कललेले असतात, त्याच दिशेस डोंगराचा उतार असला, तर पायथ्याशी खोदकाम होताच वरचे शिळापट्ट घसरण्याची भीती असते; उलट बाजूस कडे उभे राहतात व त्यांवरून सुटे धोंडे कोसळतात. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा गेरूसारख्या तांबड्या मातीचा पातळ थर असतो. वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपलेले पाणी या थरावर अडते, त्याच्या कडेने झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते आणि वरची मुरूममाती सैल करते. ठाणे जिल्ह्याच्या सखल भागात वर्षाकाठी सु. २५० सेंमी. पाऊस पडतो. माथेरानसारख्या उंच जागी तो याच्या जवळजवळ दुप्पट होतो. यांपैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मुरुमाच्या थरावर पडणाऱ्या भाराची कल्पना येईल.

वरकस, राब व दळी : जुन्या उत्तर कोकणात डोंगर व शेत हे दोन वेगळे भूमिउपयोग नव्हते. खाचरातील भातशेती डोंगरावर अवलंबून असे. भाताचे रोप ज्या वाफ्यात करावयाचे, त्यावर उन्हाळ्यात शेण, झाडांची तोडलेली कवळी डहाळी, पालापाचोळा, गवत व वर बारीक माती यांचे थर देऊन ते पेटवीत. यास राब भाजणे असे म्हणतात. राबाने तण व किडीचा नाश होतो, जमीन भुसभुशीत होते आणि राख खताचे काम करते. एका खाचरासाठी लागणारा राब पुरविण्यास त्याच्या कितीतरी पट डोंगरउताराची झाडी लागे. उताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक ही पिके एकामागून एक काढीत व नंतर ती जमीन काही वर्षे पडीत टाकून तिच्यावर झुडपे व गवत वाढू देत. पडीत याचा अर्थ निरुपयोगी असा नव्हता. जमिनीची ती विश्रांती असून राब व चारा यांचा तो साठा होता. खाडीकाठी बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून सोडविलेल्या खारजमिनी, गावालगतची खाचरे, त्यांवरील वरकस आणि माथ्यावरील रान अशी ही रचना समुद्रसपाटीपासून डोंगरमाथ्यापर्यंत एका साखळीसारखी होती. आगरी व कोळी समाज खालच्या कड्यांवर, तर ठाकूर व कातकरी वरच्या कड्यांवर उपजीविका करीत. रान साफ करून, राखेत बी पेरून काढावयाच्या शेतीच्या तुकड्यांस दळी म्हणत. ही दळी मुख्यत्वे कातकरी व ठाकूर कसत.

या व्यवस्थेचे पहिले तपशीलवार नकाशे महसुली मोजणीतून तयार झाले. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर दख्खनमध्ये जी मोजणीची पद्धत बसविली, ती कोकणात शतकाच्या मध्यानंतर लागू झाली. साखळीने मोजलेल्या या गावनकाशांची सूक्ष्मता आजही थक्क करणारी आहे. बांध, विहिरी, पाऊलवाटा, देवळे, सर्व्हे नंबरांच्या हद्दी यांत आहेत. परंतु मोजणीदाराचे लक्ष साऱ्यावर होते. भातजमिनीचे त्याने आण्यांच्या हिशेबाने बारीक वर्ग पाडले. वरकस मात्र थोडक्यात आटोपले आणि त्यापलीकडचा कडा तर नुसता मोकळा ठेवला. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही डोंगराचे काम एवढेच, की त्याच्या शिखरावर यंत्र मांडून दूरचा प्रदेश मोजता यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांवर समोच्च रेषा आल्या, तेव्हा प्रथमच उतार कागदावर दिसू लागला. शीळफाटा ४७ ई/४ या पत्रकावर येतो.

रेल्वेने दुसरा प्रश्न उभा केला. मुंबई-ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि पुढील वर्षी तो पारसिकच्या डोंगराला वळसा घालून कल्याणपर्यंत गेला. बोरघाट व थळघाट यांतील मार्ग १८६३ व १८६५ मध्ये पुरे झाले. स्लीपरांसाठी व जळणासाठी लाकडाची मागणी वाढली आणि जंगलाची हद्द आखणे हे सरकारला तातडीचे काम वाटू लागले. १८७८ च्या वन अधिनियमानुसार राखीव व संरक्षित जंगलांचे नकाशे झाले. ज्या उतारावर महसुली नकाशा वरकस दाखवीत होता किंवा काहीच दाखवीत नव्हता, तेथे आता हिरवी हद्द आली. राब तोडण्याचा रयतेचा हक्क व दळी कसण्याची वहिवाट या रेषेत सापडली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला, की १८८५ मध्ये सरकारला त्यासाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर (१८८२) याच सुमाराचे असून त्यातील राब व वरकस यांची माहिती आजही अभ्यासकांना मार्गदर्शक वाटते.

दळीची नोंद पुढे काही ठिकाणी वनखात्याच्या दप्तरात राहिली, पण ती सामान्य भूमिअभिलेखात आली नाही. नकाशात जंगल, जागेवर शेत व घर, अशी ही विसंगती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांतून ती पुन्हा वर आली. माथेरानचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट याने मे १८५० मध्ये हे पठार पाहिले आणि थोड्याच वर्षांत ते थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपास आले; १९०७ मध्ये नेरळहून तेथे लहान आगगाडीही गेली. पठारावरच्या प्रत्येक ‘पॉइंट’ला नकाशात नाव मिळाले. त्याच पठाराच्या उतारांवरील ठाकूरवाड्यांकडे मात्र पाहुण्यांसाठी काढलेल्या नकाशांनी फारसे लक्ष दिले नाही.

शहराचा नकाशा : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागाच्या भूमिउपयोगाला मुंबईच्या गरजांनी आकार दिला. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने व डोंबिवलीत १९६० नंतर औद्योगिक वसाहती झाल्या. नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना १९७० मध्ये, तर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची १९७५ मध्ये झाली. इमारतींना लागणारी खडी पारसिक व त्याच्या आसपासच्या टेकड्यांतून निघू लागली. दगडखाणीने डोंगराचा पायथा उभा कापला जातो आणि खाण बंद पडली, तरी तो कापलेला कडा राहतोच. खाचरे भरून गोदामे, गाळे व चाळी झाल्या. राबाची गरज संपल्यामुळे वरकस हा शब्द सातबाराच्या उताऱ्यापुरता उरला. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सु. १८.४ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सु. १२.५ लाख होती. शीळफाटा या दोहोंच्या व नवी मुंबईच्या सीमाभागात येतो. डोंगराचा माथा ही पालिकांची नैसर्गिक हद्द ठरल्यामुळे प्रत्येकीच्या विकास-आराखड्यात तो कागदाच्या कडेला पडला.

महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये, दुसरी (१९९६–२०११) १९९९ मध्ये आणि तिसरी (२०१६–३६) २०२१ मध्ये मंजूर झाली. दुसऱ्या योजनेत जमिनीचे नागरी, औद्योगिक, हरित व वन असे विभाग पाडलेले आहेत. डोंगर हिरव्या रंगात दाखविला, की नियोजनकाराचे काम झाले असे समजण्याची वहिवाट अशा योजनांत दिसते. वस्तुतः हिरवा रंग तेथे काय करू नये एवढेच सांगतो. उतार किती अंशांचा आहे, मुरूम किती खोल आहे, पाण्याच्या वाटा कोणत्या, हे त्यातून कळत नाही. खाजगी वनांच्या बाबतीत तर रंगाविषयीच एकमत नव्हते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये अनेक डोंगरउतार शासनाकडे आल्याचे मानले गेले, परंतु पुष्कळ ठिकाणी महसुली नोंदी बदलल्या नाहीत आणि मधल्या काळात तेथे परवानगी घेऊन इमारती उभ्या राहिल्या. मुंबई-ठाणे परिसरातील अशा जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने जमीनधारकांच्या बाजूने निर्णय दिला. एकाच उताराला वनखाते, महसूलखाते व नगररचना यांचे तीन निरनिराळे नकाशे लागू असणे, ही या प्रदेशातील नित्याची गोष्ट आहे.

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्यानजीक बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत सात मजली इमारत कोसळली व ७४ जण मृत्युमुखी पडले. ही दरड नव्हती, तेव्हा डोंगराच्या नकाशांकनाशी तिचा संबंध काय, असे वाचकास वाटेल. परंतु भेद्यतेच्या दृष्टीने हे उदाहरण मोलाचे आहे. इमारत पुरी होण्यापूर्वीच तीत माणसे राहत होती. ज्यांना शहरात अधिकृत व सुरक्षित घर परवडत नाही, ते नकाशात नसलेल्या जागी राहतात. मग ती जागा अनधिकृत इमारतीतील असो अथवा कड्याखालची.

उपग्रह व समित्या : १९७२ मध्ये पहिला लँडसॅट व १९८८ मध्ये भारताचा आय. आर. एस.-१ अ हा उपग्रह अवकाशात गेल्यानंतर भूमिउपयोगाचे नकाशे दर काही वर्षांनी नव्याने करणे शक्य झाले. महाराष्ट्रात हे काम नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. दोन काळांची चित्रे एकावर एक ठेवून कोठले रान गेले, कोठले खाचर भरले हे पाहता येते. या साधनाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ते भूपृष्ठावरून परावर्तित झालेला प्रकाश टिपते, त्या जमिनीचा उपयोग टिपत नाही. सह्याद्रीत मेघाच्छादनामुळे पावसाळ्यातील चित्रे फारशी उपयोगी पडत नाहीत, म्हणून बहुधा हिवाळ्या-उन्हाळ्यातील घेतात. त्या वेळी वाळलेल्या गवताचा डोंगर, कापणी झालेले खाचर व खरोखरीची ओसाड जमीन यांत गल्लत होण्याचा संभव असतो. कड्यांवरील सडे बहुधा ‘पडीक’ किंवा ‘खडकाळ’ या वर्गात जमा होतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार असेच एक. २०१२ मध्ये ते कोयना, चांदोली व राधानगरी यांच्याबरोबर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

डोंगरप्रदेशाच्या रक्षणासाठी पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली काही भाग आधीच अधिसूचित झाले होते : डहाणू तालुका १९९१ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान व भोवतालचा प्रदेश २००३ मध्ये. संपूर्ण पश्चिम घाटाचा एकत्रित विचार मार्च २०१० मध्ये नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ञगटाने प्रथम केला. या गटाने घाटाचे क्षेत्र सु. १,२९,०३७ चौ. किमी. धरून त्याचे सु. ९ किमी. लांबी-रुंदीचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनास स्थानविशिष्ट वनस्पती, संकटग्रस्त प्राणी, वनाच्छादन, उंची, उतार इ. निकषांवर गुण दिले आणि गुणांच्या आधारे तीन प्रकारचे संवेदनशील विभाग सुचविले. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला व पुढील वर्षी लोकांपुढे आला. त्यावर वादळ उठल्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट नेमण्यात आला. एप्रिल २०१३ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालात घाटाचे क्षेत्र १,६४,२८० चौ. किमी. मानलेले असून, सु. २४ मी. सूक्ष्मतेच्या उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक व मानवनिर्मित भूदृश्ये वेगळी केलेली आहेत. त्याने एकूण क्षेत्राच्या सु. ३७ टक्के भाग संवेदनशील ठरविला आणि गाव हे एकक धरले. केंद्र शासनाची पहिली प्रारूप अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. ३१ जुलै २०२४ रोजी सहावी निघाली. तीत महाराष्ट्राचे १७,३४० चौ. किमी. क्षेत्र दाखविलेले आहे.

दोन तज्ञसमित्यांचे डोंगर कोठे सुरू होतो याविषयीही एकमत होऊ नये, हे सामान्य वाचकास चमत्कारिक वाटेल. पण त्यात वावगे काही नाही. डोंगराची हद्द निसर्गाने आखून दिलेली नसते. ती निकषावर ठरते. गाडगीळ गटाने पश्चिमेकडील सीमा ठरविताना समुद्रसपाटीपासून १५० मी.पेक्षा उंच असलेला वनाच्छादित भाग घेतला, तर दुसऱ्या गटाचा भर प्रशासकीय तालुक्यांवर राहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते, दोन्ही अहवालांवरील चर्चेत आपले गाव रेषेच्या आत की बाहेर, यावर जेवढा वाद झाला, त्याच्या दशांशानेही नकाशाच्या प्रमाणाविषयी झाला नाही. नऊ किमी.च्या चौकोनात माथेरानचे सारे पठार मावू शकते. मग पठार, कडा, पायथा व वाडी यांना एकच गुण मिळणार. गाडगीळ गटास या मर्यादेची जाणीव होती आणि विभागांच्या अंतिम सीमा ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात अशी त्याची शिफारस होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही ग्रामसभांनी आपण होऊन संवेदनशील क्षेत्रात समावेशाची मागणी केली, ही गोष्ट वादाच्या गदारोळात झाकली गेली.

शिवाय या दोन्ही नकाशांचा विषय मुख्यतः जीवसृष्टी हा होता. डोंगर कोठे खचेल, हे सांगणे त्यांचे काम नव्हते.

दरडींचे नकाशे : जुलै २००५ च्या अतिवृष्टीत, ज्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, त्याच सुमारास महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर आला व १५१ जणांचा बळी गेला. ही वार्ता बाहेर पोहोचली, ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला ओळखीचे गाव जागेवर दिसले नाही म्हणून. माळीणच्या कारणांविषयी मतभेद आहेत. कोणी डोंगरउतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाला दोष देतात, कोणी अतिवृष्टी व झिजलेला मुरूम पुरेसे कारण मानतात. दोन्ही गोष्टींचा एकत्रित परिणाम झाला असणे अधिक संभवनीय दिसते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४-१५ पासून देशभर भूस्खलनप्रवणतेचे नकाशांकन एकास पन्नास हजार या प्रमाणावर हाती घेतले. उतार, खडकाचा प्रकार, मुरुमाची जाडी, भूमिउपयोग, ओढ्यांची घनता इत्यादींचे थर एकमेकांवर ठेवून व पूर्वीच्या दरडींच्या नोंदींशी ते ताडून प्रत्येक भागास उच्च, मध्यम वा निम्न प्रवणता दिली जाते. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पण या प्रमाणावर जमिनीवरील ५०० मी. अंतर नकाशात एक सेंमी. होते, आणि जुन्या दरडींच्या नोंदी जेथे रस्ता वा लोहमार्ग आहे तेथल्याच अधिक असतात, कारण तेथे दरड आली की वाहतूक अडते. डोंगराच्या पोटात, पाऊलवाटेवरच्या वाडीजवळ दहा-वीस वर्षांपूर्वी थोडा डोंगर सरकला असेल, तर ती आठवण तेथील म्हाताऱ्यांपाशी असते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री माथेरानच्याच डोंगररांगेत, खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या खाली वसलेल्या इरशाळवाडीवर दरड आली. चाळीस-पन्नास घरांची ही ठाकूर वस्ती. २७ मृतदेह मिळाले. ५७ जणांना शोध थांबविल्यानंतर मृत मानण्यात आले. वाडीस मोटारीचा रस्ता नव्हता. बचावपथकांना पावसात, अंधारात डोंगर चढून जावे लागले व यंत्रसामग्री वर नेता आली नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत इरशाळवाडीचे नाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले.

यादीत नाव नसण्याचे एक कारण यादीच्या रचनेतच शोधावे लागते. आपल्या बहुतेक प्रशासकीय याद्यांचे एकक महसुली गाव हे आहे. रायगड-ठाण्याच्या डोंगरभागात एका महसुली गावात अनेक वाड्या असतात आणि त्यांतील काही दोन-तीन किमी. अंतरावर, शेकडो मीटर उंचीवर असतात. गाव पायथ्याशी सुरक्षित असते, वाडी कड्याखाली. १८८० च्या आसपास जंगलाची जी हद्द आखली गेली, तिच्या आतबाहेर या वाड्या तेव्हापासून अधांतरी राहिल्या. म्हणून त्यांना रस्ता मिळण्यास वनखात्याची संमती लागे व महसुली दप्तरात त्यांच्या घरांची नोंदही धड होत नसे. प्रवणतेच्या नकाशात त्या उताराचा रंग कोणताही असो, भेद्यता या दप्तरी इतिहासातून आलेली होती. इरशाळवाडीनंतर असे नकाशे गावाऐवजी वाडी-पाड्यांच्या पातळीवर व मोठ्या प्रमाणावर करावेत, ही मागणी जोराने पुढे आली.

पारसिकच्या उतारांवरील स्थिती याहून निराळी, पण त्याच जातीची आहे. कळवा व मुंब्रा या भागांत डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या दाट वस्त्या आहेत. १९ जुलै २०२१ रोजी कळवा पूर्वेकडील घोलाईनगर येथे दरड कोसळून एकाच घरातील पाच जण दगावले. मुंब्रा वळणरस्त्यावरही पावसाळ्यात धोंडे येतात. पावसाळ्यापूर्वी उतारावरील रहिवाशांना घरे सोडण्याच्या नोटिसा देण्याची रीत आहे. त्या घेऊन ही माणसे जाणार कोठे, याचा उलगडा नोटिशीत नसतो. ही टेकडी सह्याद्रीच्या सलग भिंतीपासून सुटी असल्याने घाटासाठी झालेल्या अभ्यासांत ती कडेला राहते. आणि शहरी भूमिउपयोगाच्या अभ्यासांत ‘वन’ या एका रंगाखाली तिची बोळवण होते.

या डोंगराचे अंतरंग मात्र एका रेषेपुरते आता बरेच माहीत झाले आहे. १९१६ मध्ये पारसिकचा सु. १.३ किमी. लांबीचा रेल्वे बोगदा खुला झाला, तेव्हा डोंगर प्रथम आरपार कापला गेला. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किमी. लांबीचा बोगदा योजण्यात आला असून त्यापैकी सु. ७ किमी. भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. शीळफाट्यानजीक पारसिकच्या डोंगराखाली तो भूपृष्ठापासून ११४ मी. खोल आहे. घणसोली ते शीळफाटा हा सु. ४.९ किमी.चा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार खोदून झाला. या मार्गावर वेधनछिद्रे घेऊन खडकांच्या थरांची व भेगांतील पाण्याची जी तपासणी झाली, तशी तपासणी त्याच डोंगराच्या वस्ती असलेल्या उतारांवर करण्यास लागणारे तंत्र व उपकरणे याहून वेगळी नाहीत.